जिजाजींनी ठरवलेली सहल

समुद्रावर जायची कल्पना जिजाजींची होती, आणि त्यांची होती म्हणूनच आमच्या घरात तिला कुणी नाही म्हणालं नाही. माझी मोठी बहीण, वैशालीताई, अडीच वर्षांच्या चिकूला घेऊन माहेरी येऊन बसली होती. थंडीत आली ती कूलर लावायचे दिवस आले तरी गाझियाबादला नवऱ्याकडे परत गेली नव्हती, आणि लक्ष्मीबाई नगरच्या आमच्या सरकारी क्वार्टरमध्ये तेवढ्या काळात कुणी कुणाशी सरळ बोललं असेल असं मला आठवत नाही. दोन खोल्या आणि मागे जाळी लावून बंद केलेला व्हरांडा. तो व्हरांडा माझा होता. दहावीच्या वर्षात मला तो मोठ्या भांडणानंतर मिळाला होता, आणि ताई आली त्या आठवड्यातच त्यात दोरी बांधली गेली, चिकूच्या चड्ड्या वाळत पडल्या आणि माझी गादी स्वयंपाकघरात फ्रिजच्या बाजूला गेली. मला ताईचा राग होता, चिकूचाही होता. त्या घरात राग यायला कारण लागत नसे, नुसतं समोर कुणीतरी असलं की पुरे.

आई ओरडत नसे. तिचा राग भांड्यांतून ऐकू यायचा. सकाळी नळाला पाणी यायच्या आधी बादल्या एकमेकींवर आदळायच्या, मग पोळपाट ओट्यावर खाडखाड वाजायचा, मग कुकरच्या शिट्ट्या. ताईच्या ताटात भाजी पडायची ती डावाच्या ठोक्यासकट. पण भाजी मात्र तिच्या आवडीची असायची, वांग्याची, शेंगदाण्याचं कूट घातलेली, वर तेलाचा तवंग. आम्ही मूळचे अकोल्याकडचे, आणि दिल्लीत वीस वर्षं काढूनही आईचा हात तिखटाला आखडला नव्हता. ताई खाली मान घालून जेवायची. बाबा मंत्रालयातून आले की पेपर उघडायचे आणि त्याच्या आड बसायचे. आज मी त्यांच्या त्या वयाची झाले आहे, आणि मलाही कधी कधी तसा एखादा पेपर हवासा वाटतो, पण बाबांना मी तो अजून माफ केलेला नाही.

ताई का आली हे तिने पहिल्याच संध्याकाळी सांगितलं होतं, आणि एकदाच सांगितलं. चिकू जेवताना रडत होता. जिजाजींनी त्याला उचललं, बाल्कनीत नेऊन ठेवलं आणि काचेचं दार आतून लावून घेतलं. बाहेर जानेवारीचं धुकं, पोराच्या अंगात नुसता बनियन. ताई दाराकडे धावली तेव्हा त्यांनी तिचं मनगट धरलं. दुखेल असं नाही, नुसतं धरून ठेवलं, आणि म्हणाले, रडायचा थांबला की आत घेऊ. तो थांबला तेव्हा त्याचे ओठ निळे पडले होते. दुसऱ्या दिवशी ते ऑफिसला गेल्यावर ताई त्याला शालीत गुंडाळून बसने आमच्याकडे आली.

आईने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मारलं का तुला?"

"नाही."

"पितात का?"

"नाही."

"मग?"

या 'मग'वर ताई उठून चिकूला झोपवायला गेली. आईच्या लेखी नवऱ्याचे गुन्हे दोनच होते, आणि जिजाजींनी दोन्ही केले नव्हते. बुद्धविहारातली दोन मोठी माणसं येऊन बसली, चहा प्याली आणि पोरांना थोडी शिस्त हवीच असं सांगून गेली. बाबा त्यांना बस स्टॉपपर्यंत सोडून आले.

जिजाजी दर रविवारी यायचे. इस्त्रीचा शर्ट, हातात मिठाईचा डबा. दारातच "जयभीम, आई" म्हणून वाकायचे. त्यांचा आवाज इतका मऊ होता की त्यांचं बोलणं ऐकायला पुढे झुकावं लागायचं, आणि माणूस झुकलेला असला की आपोआप मान डोलावतो. ते आले की चिकू दिवाणाखाली शिरायचा. ते त्याला हाक मारत नसत. चहाचा कप हातात धरून म्हणायचे, "आराम से, शेर. जायचंय कुठे तुला?" आणि हसायचे. आईला वाटायचं, बघा, किती धीराचा माणूस आहे. मला त्यांचं ते हसणं नको वाटायचं, पण ते का हे मला सांगता आलं नसतं, आणि मला कुणी विचारलंही नाही.

अशाच एका रविवारी ते म्हणाले, "आई, आपण सगळेच कुठेतरी जाऊ या. चिकूने समुद्र पाहिलेला नाही. थोडे दिवस सोबत राहिलं की आपोआप ठीक होतं सगळं. आणि येताना हे दोघं स्टेशनवरूनच माझ्याबरोबर येतील." आईचा चेहरा खुलला. बाबांच्या ऑफिसचं चेन्नईच्या पुढे, समुद्राकाठच्या रस्त्यावर हॉलिडे होम होतं. मे महिन्यात तिथे कुणी फिरकत नसल्यामुळे खोल्या लगेच मिळाल्या. ताईला विचारलं गेलं नाही. आईने मोठी सुटकेस काढली आणि ताईचं सगळं सामान भरलं, चिकूचे लोकरीचे स्वेटर आणि कानटोपीसुद्धा, कारण तिथून ते थेट गाझियाबादला जायचे होते. समुद्रावर जाताना बांधलेले स्वेटर मी पहिल्यांदाच पाहिले. ताई दाराला टेकून बघत होती. "रजईपण घाल," एवढंच ती म्हणाली, आणि आईने झाकण इतक्या जोरात बंद केलं की चिकू दचकून रडायला लागला.

गाडीत आईने तिखट पुऱ्या, लसणाची चटणी आणि रव्याचे लाडू बांधून घेतले होते. जिजाजींनी आईसाठी संत्री सोलली, बाबांसाठी प्रत्येक मोठ्या स्टेशनावर उतरून पाणी आणलं. समोरच्या बर्थवरची पंजाबी बाई आईला म्हणाली, "दामाद हो तो ऐसा." आईने ताईकडे पाहिलं. ताई खिडकीबाहेर बघत होती. मग जिजाजींनी खिशातून टॉफी काढली आणि चिकूसमोर धरली. "बोल, पापा प्लीज." चिकू टॉफीकडे बघत राहिला. त्याला बोलता येत होतं, दिवसभर तो आमच्याशी अर्धं हिंदी अर्धं मराठी बडबडायचा. पण त्यांच्यासमोर त्याच्या तोंडातून शब्द निघत नसे. जिजाजींनी बराच वेळ हात तसाच धरला. मग सावकाश कागद उलगडला, टॉफी स्वतःच्या तोंडात टाकली, कागदाची व्यवस्थित घडी घातली आणि ती चिकूच्या मुठीत देऊन मूठ मिटली. पंजाबी बाई हसली. बाबाही हसले. चिकू ती मूठ उघडून उघडून बघत राहिला.

समुद्र मलाही नवा होता, आणि मला तो अजिबात आवडला नाही. ऊन असं की वाळूवर पाय ठेववेना, अंग सारखं चिकट, हॉलिडे होमच्या जेवणघरात तिन्ही वेळा सांबार आणि बाबांची दह्याची मागणी. चिकूला समुद्राच्या आवाजाची भीती वाटली. त्याने बाबांच्या पँटला धरून वर बघत सांगितलं, "आजो, बंद कर." आमच्या घरी मिक्सर चालू झाला की तो असंच म्हणायचा. बाबा म्हणाले, "हा नाही होत बाळा बंद." एवढ्या दिवसांत घरात कुणी कुणाशी इतकं प्रेमाने बोललेलं मी ऐकलं नव्हतं. संध्याकाळी जिजाजींनी चिकूला उचलून पाण्याच्या कडेला नेलं, उभं केलं आणि स्वतः मागे मागे येत कोरड्या वाळूत थांबले. लाट आली, पोर बसकण मारून पडलं, नाकातोंडात पाणी गेलं. ताई साडीसकट धावत आत शिरली. त्याला छातीशी धरून ती वर आली.

"काय चाललंय तुमचं?"

"शिकतोय तो," जिजाजी म्हणाले. "तू शिकू देत नाहीस."

आई वाळूत शाल अंथरून बसली होती. तिथूनच ती ताईला म्हणाली, "बाप आहे त्याचा. बुडवणार होता का? सगळ्यांसमोर तमाशा कशाला?" ताईने तिच्याकडे एकदा पाहिलं. ती नजर मी नंतर पुष्कळदा पाहिली, पण पहिल्यांदा तिथे पाहिली.

त्या रस्त्यावर दोन मोठे पार्क होते. नंतरच्या सकाळी आम्ही पाण्याच्या पार्कात गेलो. तिथे चिकूला ताईने मांडीवरून खाली उतरूच दिलं नाही. ती पूर्ण वेळ त्याला घेऊन उथळ कुंडाच्या काठावर बसून राहिली, आणि जिजाजी लांबच्या बाकावरून तिच्याकडे बघत राहिले. मी घसरगुंड्यांवर चढले, पण रांगेत उभं राहून सारखी मान वळवून त्या दोघांकडेच बघत होते, त्यामुळे मजा अशी काही आलीच नाही. परतताना आई ताईला म्हणाली, "त्या माणसाने सुट्टी काढून आणलंय सगळ्यांना. हातात पोर तरी देशील की नाही?"

दुसऱ्या दिवशीच्या पार्कात झोपाळे, आकाशपाळणा, मुलांची छोटी आगगाडी असं सगळं होतं. आगगाडीत चिकू प्रथमच हसला. तिच्यातून उतरल्यावर त्याने आइस्क्रीम अंगावर सांडलं, ताई त्याचा शर्ट धुवायला नळाकडे गेली आणि बाबा नारळपाणी आणायला. उघड्या अंगाचा चिकू आईच्या कडेवर होता. जिजाजी म्हणाले, "आई, द्या मला. एक चक्कर मारून आणतो." आईने ताई गेली त्या दिशेला पाहिलं आणि मुद्दाम, मला स्पष्ट दिसलं की मुद्दाम, चिकूला त्यांच्या हातात दिलं. चिकू लाकडासारखा ताठ झाला. आम्ही दोघी त्यांच्या मागे गेलो. ते भूतबंगल्याच्या रांगेत जाऊन उभे राहिले.

"अहो, इथे कशाला, लहान आहे तो," आई म्हणाली.

"काही नाही आई, खेळ आहे."

आत काळाकुट्ट अंधार, मधेच लाल दिवा लागायचा आणि कुठूनतरी किंकाळी यायची. जमीन हलणारी होती. चिकूने त्यांच्या मानेत तोंड खुपसलं आणि रडायला लागला. पहिल्या वळणावर जिजाजी थांबले. त्यांनी त्याचे हात मानेवरून एक एक करून सोडवले, त्याला खाली ठेवलं आणि पुढे चालत जाऊन भिंतीला टेकून उभे राहिले. "चल, शेर. चालत ये. रडायचं थांबलास की घेतो." त्यांचा आवाज नेहमीसारखाच मऊ होता. लाल दिवा लागला तेव्हा मला आधी चिकू दिसला, तोंड उघडं, पण आवाज फुटत नव्हता, श्वासच अडकला होता. मग जिजाजी दिसले. ते रागावलेले नव्हते. ते हसतही नव्हते. त्यांनी स्वतःचं मनगट लाल उजेडात धरलं होतं आणि ते घड्याळ बघत होते.

आईनेही पाहिलं. ती माझ्या पुढेच होती. दिवा गेला, पुन्हा आला, आणि ते अजून घड्याळच बघत होते. मग आईने चिकूला उचललं आणि ती उलटी फिरली. येणाऱ्या माणसांच्या गर्दीतून, खांद्याने लोकांना बाजूला सारत, ती आत शिरायच्या दारातूनच बाहेर पडली. मी तिचा पदर धरून मागे होते. बाहेर उन्हात आल्यावर तिने चिकूची पाठ जोरात चोळली. पोराने एकदम श्वास घेतला आणि मग जे भोकाड पसरलं ते ऐकून मला बरं वाटलं.

जिजाजी बाहेर आले तेव्हा पुन्हा तेच हसू होतं. "आई, द्या इकडे. आत्ता कुठे जमत होतं त्याला."

आई म्हणाली, "हाथ नहीं लगाने का बच्चे को."

आमच्याकडे घरच्या माणसांशी मराठी बोलायचं आणि हिंदी बाहेरच्यांशी, भाजीवाल्याशी, कंडक्टरशी, गॅसवाल्याशी. आई जिजाजींशी लग्नाच्या बोलणीपासून 'अहो, जावईबापू' अशा मराठीतच बोलत आली होती. त्यांच्या ते लक्षात आलं, कारण त्यांचं हसू गेलं.

"आई, लोक बघताहेत."

"देखने दो. तुम दूर खड़े रहो."

तेवढ्यात बाबा दोन शहाळी हातात घेऊन आले. "काय झालं? अगं, जावयाशी असं बोलतात का?" जिजाजी आईजवळ सरकले आणि त्यांनी चिकूचा दंड धरला. आईने त्याला दुसऱ्या बाजूने आवळून धरलं. पहिल्यांदाच जिजाजींचा आवाज चढला. "मुलगा माझा आहे. मुलगी ठेवून घ्यायची तर ठेवून घ्या, मुलगा मी नेणार. कोर्टात बघू." चिकूच्या दंडावर त्यांची बोटं रुतली होती. मग बाबांनी शहाळी खाली ठेवली, सावकाश, सांडणार नाहीत अशी, आणि जिजाजींचं मनगट धरलं. "सोडा," ते म्हणाले. त्यांच्या ऑफिसात शिपायालाही त्यांनी कधी अशा आवाजात काही सांगितलं नसेल. पार्कातला एक गार्ड आमच्याकडे यायला लागला. जिजाजींनी बोटं सोडली.

ताई ओला शर्ट हातात घेऊन उभी होती. ती कधी आली ते मला कळलं नाही. आईने तिच्याकडे वळून सांगायला सुरुवात केली, "वैशू, अगं त्याने आत याला खाली ठेवलं, अंधारात, आणि स्वतः उभा राहून..."

"माहीत आहे," ताई म्हणाली. तिने चिकूला आईच्या हातातून घेतलं. "मी सांगितलं होतं तुला. जानेवारीत."

"मला काय माहीत, इतकं..."

"मी सांगितलं ते पुरलं नाही ना. तुला बघायला लागलं." तिने चिकूच्या डोक्यातून ओला शर्ट घातला. "त्याला कडेवरून कुणी दिलं? तूच ना?"

मला वाटलं होतं ताई रडेल, आईच्या गळ्यात पडेल, निदान तिचा हात तरी धरेल. ती चिकूला घेऊन गेटच्या दिशेने चालायला लागली आणि आम्ही तिघं तिच्या मागे, लांब लांब.

जिजाजी त्याच दुपारी बॅग घेऊन निघून गेले. आमचं रिझर्व्हेशन पुढचं होतं आणि दुसऱ्या कुठल्या गाडीत जागा मिळाली नाही, म्हणून उरलेले दिवस आम्हाला त्या समुद्रावर काढावे लागले. इतकी वाईट सुट्टी मी पुन्हा कधी घालवली नाही. ताई आईशी एक शब्द बोलत नव्हती. जेवणघरात ती वेगळ्या टेबलावर बसायची, आणि आई ताटातला भात चिवडत तिच्या पाठीकडे बघत राहायची. चिकू मात्र एकटाच मोकळा झाला होता. तो बाबांचं बोट धरून लाटेपर्यंत जायचा, लाट आली की किंचाळत मागे पळायचा, आणि पुन्हा जायचा. त्याचं ते हसणं ऐकायला आम्ही तिघी वाळूत तीन ठिकाणी बसायचो.

पुढे कोर्ट झालं, आणि ते सगळं मला इथे लिहायचं नाही. जिजाजी काही वर्षं मुलासाठी भांडले, मग त्यांनी दुसरं लग्न केलं आणि भांडायचे थांबले. चिकू आज नोएडात नोकरी करतो, मिशी ठेवतो, आणि त्याला यातलं काहीही आठवत नाही. मी सांगायला लागले की म्हणतो, "मावशी, छोड़ ना यार." मी सोडून देते. पण ताईने आईला इतक्या सहज सोडलं नाही. दिल्लीत परतल्यावर महिन्याभरातच तिने एका शाळेत नोकरी धरली आणि मुनिरकाला विद्यार्थ्यांच्या वस्तीत एक खोली भाड्याने घेतली. बाबा म्हणाले, इथे जागा आहे. ती म्हणाली, इथे राहून मला रोज पुरावा द्यावा लागेल.

व्हरांडा मला परत मिळाला. आई दर शनिवारी डबा भरून बसने मुनिरकाला जायची, आणि बरेचदा मला सोबत न्यायची. अरुंद गल्ली, डोक्यावर तारांचा गुंता, तीन मजल्यांचा काळोखा जिना. आई धापा टाकत चढायची आणि कडी वाजवायची. ताई दार उघडायची, अर्धंच, डबा घ्यायची, मागच्या आठवड्याचा धुतलेला डबा हातात द्यायची आणि मला म्हणायची, "मिनू, तू ये आत." मी आईकडे बघायचे. आई म्हणायची, "जा, मी खाली थांबते," आणि खरंच खाली जाऊन एका दुकानाच्या पायरीवर बसायची. डब्यात वांग्याची भाजी असायची, कधी पुरणपोळी, कधी चिकूसाठी लाडू. भाजी कशी झाली होती हे ती कधी विचारत नसे. परतताना बसमध्ये रिकाम्या डब्याचं झाकण उघडून एकदा आत बघायची.

हे अख्खा पावसाळा आणि थंडी चाललं. मला दोघींचाही वैताग आला होता. एका शनिवारी मी बोललेही, "तिला बोलायचंच नसेल तर तू कशाला जातेस?" आई म्हणाली, "माझं चुकलंय. तिचं कुठे चुकलंय?" आणि पुन्हा खिडकीबाहेर बघायला लागली.

होळीच्या आधीची गोष्ट असेल. आम्ही जिना चढलो, आईने कडी वाजवली. दार उघडलं. ताईच्या हातात ओलं फडकं होतं, केस विस्कटलेले, मागे जमीन चकाकत होती, आणि चिकू पलंगावर पाय वर घेऊन बसला होता. ताईने डबा घेण्यासाठी हात पुढे केला नाही. तिने आईच्या पायांकडे पाहिलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"चप्पल बाहेर काढ," ती म्हणाली. "आत्ताच पोछा मारलाय."